जाहिरात कुणाची, प्रश्न कुणाचा?

स.न.वि.वि.

माझं वय २७. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं. प्रबंधासाठी शेतातल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं आणि सोबत विहीरमालकांच्या मुलाखतीही घेतल्या. सध्या एका संशोधन प्रकल्पात सहायक आहे; गोळा झालेली माहिती तपासून नीट लावायचं काम करते. आता पीएचडी करायची आहे, देश कुठलाही चालेल.

रोज रात्री जाहिराती चाळते. एकाच यादीत भूजलाची पीएचडी, कायद्याची पीएचडी, संगीतशास्त्रातली पोस्टडॉक, गणिताचं अध्यापकपद, डेटा स्टुअर्ड, सगळं एकाखाली एक. जिथे थोडंफार जुळतं तिथे अर्ज टाकते. चाळीसेक झाले असतील. दोन नकार आले, बाकी काहीच नाही. प्राध्यापकांना पाठवलेल्या ईमेलांनाही उत्तर नाही. माझा विषय धड विज्ञान नाही, धड समाजशास्त्र नाही, म्हणून असं होतंय का? एका ठिकाणी प्रवेश मिळतोय, पण स्टायपेंड नाही. घ्यावा का? घरचे म्हणतात वय निघून चाललंय, एकदा नावामागे डॉक्टर लागू दे, मग सगळं मार्गी लागेल. ज्यांनी अजून काही कळवलेलं नाही अशा तीन जाहिराती आणि मी सगळीकडे पाठवते ते पत्र सोबत जोडलंय. तिन्हींची मुदत तीन आठवड्यांत संपते.

– एक वाचक (पत्र संक्षेपाने दिलं आहे.)

* * *

प्रिय वाचक,

वयाचं आधी उरकून टाकते. काही फेलोशिपना वयोमर्यादा असते आणि ती त्यांच्या नियमावलीत लिहिलेली असते. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही जाहिरातींत ती नाही. विद्यापीठांच्या जगात जी घड्याळं खरोखर चालतात ती बहुतेक पदवीपासून किंवा नेमणुकीपासून सुरू होतात. जर्मनीत सर्वसाधारण नियम असा की ठरावीक मुदतीच्या करारांवर संशोधकाला पीएचडीआधी ६ वर्षं आणि नंतर ६ वर्षं ठेवता येतं. वैद्यकशास्त्रात नंतरची ९. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनपदांच्या, कित्येक योजनाही ‘पीएचडीनंतर इतकी वर्षं’ असंच मोजतात. तुमचं यातलं एकही घड्याळ अजून सुरू झालेलं नाही. आणि नावामागे डॉक्टर लागण्याबद्दल म्हणाल तर फिनलंडमध्ये पदवीच्या सोहळ्यात नव्या डॉक्टरांना टोपीबरोबर तलवारही मिळते. नोकरी मात्र तिथेही वेगळी शोधावी लागते.

आता उत्तरं का येत नाहीत ते पाहू. तुमचा विषय दोन शाखांच्या मध्ये पडतो हे कारण मला पटत नाही. कारण तुम्ही सगळीकडे पाठवता त्या पत्रात आहे, आणि त्याआधी तुम्ही यादी जशी वाचता त्यात आहे. सगळं एकाखाली एक छापलेलं असतं म्हणून ते एकाच प्रकारचं वाटतं. प्रत्येक जाहिरातीला दोन प्रश्न विचारायचे. पैसा कुणाचा? आणि संशोधनाचा प्रश्न कुणी ठरवलाय?

प्रयोगशाळेच्या आणि अभियांत्रिकीच्या विषयांत पीएचडीची जागा निघते तेव्हा प्रश्न बहुधा आधीच ठरलेला असतो. प्राध्यापकांनी कधीतरी प्रस्ताव लिहिलेला असतो, अनुदान मंजूर झालेलं असतं, त्यात एका विद्यार्थ्याचा तीन किंवा चार वर्षांचा पगार धरलेला असतो. उपकरणं ठरलेली, नमुने कुठून आणायचे ते ठरलेलं, पहिल्या वर्षाअखेर काय दाखवायचं हेही ठरलेलं. त्यांना ते काम करणारा माणूस हवा असतो. तिथे ‘माझ्या स्वतःच्या कल्पना खूप आहेत’ असं लिहिणाऱ्याची थोडी धास्तीच वाटते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र इथे बरोबर उलटं. प्रश्न तुम्ही घेऊन यायचा. संशोधन आराखडा हीच तिथली खरी प्रवेशपरीक्षा. वाचणारे पाहतात की या प्रश्नावर आधी कुणी काय लिहिलंय हे उमेदवाराला ठाऊक आहे का, लागणारी कागदपत्रं हाताशी येणार आहेत का, आणि आपल्या विभागात यावर मार्गदर्शन करू शकेल असं कुणी आहे का.

अमेरिकेतलं गणित किंवा अर्थशास्त्र आणखी तिसरंच. तिथे जागा ना प्रकल्पाची असते ना तुमच्या प्रश्नाची. ती विभागाची असते. पहिली एक-दोन वर्षं अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा, मार्गदर्शक त्यानंतर ठरतो. अर्ज समिती वाचते. एकटा प्राध्यापक मनात आणूनही तुम्हाला आत घेऊ शकत नाही, म्हणून अशा विभागांतल्या कुणी ईमेलला उत्तर दिलं नाही तर ते मनाला लावून घेऊ नका. प्रयोगशाळेच्या विषयांत मात्र आधी लिहिलेलं चांगलं, कारण पुढच्या वर्षी आपल्याकडे जागा आहे की नाही हे त्याच माणसाला माहीत असतं.

देशाप्रमाणे फरक पडतो तो मुख्यतः तुमचं स्थान काय यात. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, साधारण चार वर्षांसाठी, आणि पहिल्या वर्षाच्या सुमाराला ‘पुढे चालू की इथेच थांबायचं’ असं मूल्यमापन होतं. स्वीडनमध्ये चार वर्षांचं पूर्णवेळ संशोधन. त्यात शिकवण्यासारखी विभागाची कामं जास्तीत जास्त २० टक्के, म्हणून प्रत्यक्षात अनेकांची पाच वर्षं होतात. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा पाव हिस्सा शिकवण्याचं काम धरून चार. ब्रिटनमध्ये सहसा तुम्ही विद्यार्थीच असता, पगाराऐवजी स्टायपेंड मिळतो, आणि विदेशी विद्यार्थ्याची जादा फी कोण भरणार हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा लागतो. अमेरिकेत पाच-सहा वर्षं धरून चला. कर्मचारी की विद्यार्थी हा फरक कागदावर लहान दिसतो. आजारपणाची रजा, बाळंतपण, पेन्शन अशी वेळ आली की तो कळतो.

आणखी एक. तुम्ही शोधताना फक्त ‘पीएचडी’ हा शब्द टाकत असाल तर अर्ध्या जागा तुमच्या नजरेलाच पडत नसतील. जर्मनीत हीच जागा ‘विसेनशाफ्टलिखर मिटआरबाइटर’, म्हणजे वैज्ञानिक कर्मचारी, या नावाने निघते आणि पगार पूर्ण श्रेणीच्या ठरावीक टक्क्यांत लिहिलेला असतो. ऑस्ट्रियात ती ‘प्रे-डॉक’ विद्यापीठ सहायक होते, नॉर्वेत ‘स्टिपेंडिआट’. उलट ‘लेक्चरर’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका: ब्रिटनमध्ये ती पीएचडीनंतरची, बहुधा कायमस्वरूपी, संशोधन आणि अध्यापन दोन्ही असलेली जागा असते; अमेरिकेत त्याच नावाखाली बहुतेक वेळा नुसतं शिकवण्याचं, करारावरचं काम असतं.

तुमच्या जाहिराती आता एकेक घेते.

पहिली भूजलातल्या नायट्रेटची. तळाशी मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क असं लिहिलंय, म्हणजे पैसा युरोपीय संघाचा, आणि कितीतरी विद्यापीठांनी व कंपन्यांनी मिळून काढलेल्या या जागा आहेत. राष्ट्रीयत्वाची अट नसते. मात्र ज्या देशात जागा आहे तिथे नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांहून जास्त राहिलेल्या नसाव्यात किंवा काम केलेलं नसावं, आणि आधीची डॉक्टरेट नसावी. तुम्ही दोन्हींत बसता. आता नीट पाहा, ही एक जाहिरात नाही. डीसी-१ ते डीसी-१२ (डीसी म्हणजे ‘डॉक्टोरल कँडिडेट’) अशा बारा वेगळ्या जागा आहेत. प्रत्येकीला वेगळा प्रश्न, वेगळा मार्गदर्शक, वेगळं गाव. तुमच्या अर्जात कुठली जागा हवी याचा उल्लेखच नाही. बारापैकी एकाही मार्गदर्शकाला तो आपल्यासाठी आलाय असं वाटलं नसणार.

फोनवर तुम्ही बहुधा डीसी-४ पर्यंतच वाचलं असावं, कारण पत्रात ‘मॉडेलिंग शिकायची तयारी आहे’ असं आहे. डीसी-४ला मातीच्या असंपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण न भरलेल्या, थरातून नायट्रेट खाली कसं झिरपतं याचं गणिती मॉडेल करायचंय आणि ‘हायड्रस’ हे सॉफ्टवेअर वापरलेलं असावं ही अट आवश्यक पात्रतेच्या रकान्यात आहे. इष्ट रकान्यात असती तर मी म्हटलं असतं टाका अर्ज. इष्टमधलं निम्मं जमत नसलं तरी अर्ज करावा. आवश्यकमधलं एक नसेल तर बहुतेक ठिकाणी छाननीतच नाव गळतं. ती जागा सोडा. खाली डीसी-९ वाचा: शेतकरी पाण्याच्या गुणवत्तेबद्दल काय समजतात आणि त्यावरून काय ठरवतात, ‘पाण्याच्या चाचण्या आणि मुलाखती दोन्ही हाताळण्याची तयारी आवश्यक’. तुमचा विषय धड हे नाही, धड ते नाही असं तुम्ही म्हणता. या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत बरेच जण रसायनशास्त्र शिकून आलेले आणि बाकीचे समाजशास्त्र शिकून आलेले असतील. दोन्ही करून बसलेले फार थोडे असतील.

आता तुमचं पत्र. सुरुवात अशी आहे: ‘मला लहानपणापासून निसर्गाची ओढ असून आपल्या नामांकित विद्यापीठात संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे.’ हे वाक्य चाळीस ठिकाणी जसंच्या तसं गेलं आणि चाळीसही ठिकाणी काही न सांगता गेलं. प्रबंधाची हकीकत दुसऱ्या पानावर खाली आहे, तीही ‘पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास केला’ एवढीच. तुमच्याच प्रबंधाच्या सारांशातून मी सुरुवात अशी करून पाहिली:

‘एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी ४६ विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलं. पावसाळ्यानंतर उथळ विहिरींत नायट्रेट जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला ५० मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर गेलं, खोल विहिरींत गेलं नाही. पण मुलाखतींत बहुतेक मालकांनी पिण्यासाठी उथळ विहीरच चांगली असं सांगितलं. चव, अंतर की सवय, हे माझ्या प्रश्नावलीतून कळू शकलं नाही. डीसी-९मध्ये मला नेमकं तिथून पुढे जायचं आहे.’

यात विशेषण जवळपास नाही. तुम्ही काय केलं, काय सापडलं, काय सुटलं, आणि त्यांच्या कामाशी त्याचा सांधा कुठे जुळतो, एवढंच आहे. सुटलेलं सांगायला घाबरू नका. आपला अभ्यास कुठे तोकडा पडला हे ज्याला कळतं तो पुढे शिकू शकेल, एवढा अंदाज निवड करणाऱ्याला हवा असतो. स्वीडनच्या नियमात तर निवडीचा निकषच असा दिलाय की उमेदवाराची हे शिक्षण आत्मसात करण्याची क्षमता किती. पत्र एका पानाचं ठेवा. ‘नामांकित’ काढून टाका; त्यांना ते ठाऊक असतं.

असं पत्र लिहायला दोन संध्याकाळी जातात, त्यामुळे महिन्याला तीन-चार अर्जांपलीकडे जमणार नाही. जमूही नये. रात्री बारा वाजता एका बसणीत पाच अर्ज टाकले की काम केल्याचं समाधान मिळतं, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी जाहिरात पर्यावरण-इतिहासाची, खुली, स्वतःचा १,५०० शब्दांचा आराखडा मागणारी. ही यंदा सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. विषय छान आहे, विहिरींचा इतिहास कुणी लिहिला तर मी आवडीने वाचेन. पण अशा आराखड्यामागे काही महिन्यांचं वाचन लागतं, कुठल्या दप्तरखान्यात काय आहे याची चौकशी लागते, आणि तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. शिवाय तिथलं काम वेगळ्या तऱ्हेचं असतं. तुमच्या आत्ताच्या प्रकल्पात रोज चार माणसं भोवती असतात. इतिहासाचा प्रबंध म्हणजे बहुधा एकटीने लिहिलेलं एक सलग पुस्तक. विज्ञानात अनेक ठिकाणी तीन-चार पेपर एकत्र बांधून, पुढे प्रस्तावना जोडून प्रबंध होतो. तुम्हाला कशात तग धरता येईल हे तुम्हीच ओळखा. पत्रावरून तरी तुम्ही एकांतात रमणाऱ्या वाटला नाहीत.

तिसरी जाहिरात तुम्ही ‘सहज जोडली’ असं लिहिलंय, आणि मी सर्वांत जास्त वेळ तिच्यावरच घालवला. डेटा स्टुअर्ड. संशोधकांनी गोळा केलेली माहिती कशी साठवायची, फाइलींना नावं कशी द्यायची, कुठल्या परवान्याखाली खुली करायची, लोकांच्या मुलाखती असतील तर ओळख कशी झाकायची, अनुदान देणाऱ्या संस्थेला लागणारा डेटा आराखडा कसा लिहायचा, हे सांगणारं आणि सोबत बसून करून देणारं हे पद. संशोधनातली माहिती सापडण्याजोगी, मिळण्याजोगी, इतर माहितीशी जुळण्याजोगी आणि पुन्हा वापरण्याजोगी असावी ही ‘फेअर’ तत्त्वं २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून या कामाला मागणी वाढली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने तर प्रत्येक फॅकल्टीत असा माणूस नेमला. संशोधनासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचंही तसंच. ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनियर’ हे नाव ब्रिटनमध्ये २०१२च्या सुमाराला पुढे आलं, आज त्या नावाने जागा निघतात. याशिवाय प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, अनुदान कार्यालयातले लोक, विषय-ग्रंथपाल. यांतल्या पुष्कळ जागांना डॉक्टरेट लागत नाही, किंवा ‘डॉक्टरेट अथवा तितका अनुभव’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या जाहिरातीत तसंच आहे.

तुमच्या सबंध पत्रात एकच परिच्छेद असा आहे की जो वाचताना लिहिणारीला मजा आली असणार हे कळतं. दोन विहिरींना चुकून एकच क्रमांक पडला होता, त्यामुळे एक विहीर एका आठवड्यात गोड आणि पुढच्या आठवड्यात मचूळ दिसत होती, आणि तुम्ही क्षेत्रवह्यांतली हस्ताक्षरं ताडून ती गोष्ट शोधून काढलीत. पीएचडीची ओढ मात्र तुम्ही ‘करायची आहे’ एवढ्या दोन शब्दांत सांगितलीत. पीएचडी करू नका असं मी म्हणत नाही. डीसी-९ला अर्ज कराच. पण डेटा स्टुअर्डचा अर्जही तितकाच मन लावून करा, आणि त्याच्या पत्राची सुरुवात त्या दोन विहिरींपासून करा. हे पद घेऊन दोन वर्षांनी पीएचडीला जाता येतं. तेव्हा कुठला गट कसा चालतो हे आतून पाहिलेलं असेल.

बिनस्टायपेंडचा प्रवेश घेऊ नका. नोकरी सांभाळून कायद्यात, शिक्षणशास्त्रात किंवा इतिहासात अर्धवेळ पीएचडी करणारे असतात. पगार चालू असतो आणि अभ्यासाचं साहित्यही बऱ्याचदा नोकरीतूनच मिळतं, तिथे हिशेब बसतो. तुमच्या विषयात नमुने गोळा करायला, यंत्रावर वेळ मिळवायला, प्रवासाला पैसा लागतो. ज्या गटाकडे तुम्हाला द्यायला पैसा नाही त्याच्याकडे तुमच्या नमुन्यांसाठी तरी कुठून येणार? आणि ते लोक ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ आधी रक्कम भरा म्हणत असतील तर उत्तरही देऊ नका. अमेरिकी विद्यापीठं अर्जाचं शुल्क घेतात, मागितलं तर पुष्कळदा माफही करतात, ते वेगळं. पगारी संशोधनपदाच्या अर्जाला पैसे मागायचं काही कारण नसतं.

मुलाखतीला बोलावलं, तर शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ असं विचारतील तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, अर्ध्यावर कुणी सोडलं का, मार्गदर्शक किती दिवसांनी भेटतात हे विचारा, आणि सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी एकटीने बोलायला मिळेल का तेही. पेपरवर नाव कुणाचं आणि कितवं, हे या जागेबाबत मुद्दाम विचारा, कारण डीसी-९ला दोन मार्गदर्शक आहेत, एक जलरसायनशास्त्राचे आणि एक अर्थशास्त्राच्या बाई. प्रयोगशाळेच्या विषयांत पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं असा रिवाज आहे. अर्थशास्त्रात आणि गणितात नावं वर्णानुक्रमाने घालण्याची जुनी पद्धत. चार वर्षांचं काम तुम्ही करायचं आणि आडनाव ‘व’ने सुरू होतं म्हणून शेवटी जायचं, हे आधी बोलून घेतलेलं बरं.

शेवटचं शिफारसपत्रांचं. तुम्ही विभागप्रमुखांचं नाव दिलंय. त्यांनी तुम्हाला एक विषय शिकवला. ते लिहितील की मुलगी नियमित आणि कष्टाळू होती. ज्या बाईंनी तुमचा प्रबंध पाहिला, ज्या नमुने घेताना तुमच्याबरोबर विहिरीवर उभ्या होत्या, त्यांना विचारा, आणि दुसरं नाव आत्ताच्या प्रकल्पातल्या वरिष्ठांचं द्या. तुम्ही शोधताय हे त्यांना कळेल म्हणून कचरत असाल, पण सहायकाचं पद मुदतीचं असतं हे तेही जाणून आहेत. दोघांनाही आजच लिहा. ईमेलला डीसी-९चा मजकूर, डेटा स्टुअर्डची जाहिरात, तुमची दोन्ही नवी पत्रं आणि मुदतीची तारीख जोडा, म्हणजे काय लिहायचं हे त्यांना शोधत बसावं लागणार नाही. विभागप्रमुखांना काही कळवायची गरज नाही. चाळिसांपैकी एकाही ठिकाणाहून त्यांच्याकडे विचारणा गेली नसेल.